टाके काढल्यानंतरचा हिशेब

वसमतच्या मोंढ्यात हळद विकून रात्री गावी परतत असताना माझ्या भाच्याची मोटारसायकल दिवे नसलेल्या एका ट्रॉलीवर आदळली, त्यास आता तीन वर्षे होऊन गेली. उजव्या मांडीचे हाड मोडले आणि त्याचे टोक कातडी फाडून बाहेर आले. त्याच रात्री एका रुग्णालयात त्याच्या मांडीत रॉड टाकण्यात आला. पंधरवड्याने टाके निघाले, तीन महिन्यांत तो काठी टेकत शेतात जाऊ लागला, आणि देवाची व डॉक्टरांची कृपा म्हणून माझ्या थोरल्या बहिणीने गावजेवण घातले. आठव्या महिन्यात मांडीवर एक पुटकुळी आली. ती फुटली, पू आला, गोळ्या सुरू झाल्या आणि जखम कोरडी पडली. गोळ्या संपल्या, पुन्हा वाहू लागली. "मामा, गोळ्या चालू हायेत तवर कोरडं ऱ्हातंय, बंद केल्या की पुन्हा व्हायलंय," हे त्याचे वाक्य मी त्या दोन वर्षांत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. जंतुशास्त्रावर बोलण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु हिशेब ठेवण्याची खोड जात नाही. पहिल्या शस्त्रक्रियेचा खर्च हळदीच्या पट्टीतून भागला. दुसऱ्या वर्षी आडत्याकडून उचल घ्यावी लागली. तिसऱ्या वर्षी एक एकर जमीन गहाण पडली. म्हणजे हाड मोडल्याने हे कुटुंब मोडले नाही. ते मोडले हाड जुळल्यानंतर. ही गोष्ट मला इतकी विलक्षण वाटली की म्हातारपणी जीवशास्त्राची पुस्तके उघडावी लागली. जे वाचले त्यावरून माझे असे मत बनले आहे की, यात दोष जंतूंचा आहे तितकाच आपल्या हिशेबपद्धतीचाही आहे. आपला हिशेब टाके काढण्यापाशी संपतो आणि जंतूंचा व्यवहार साधारण तेथूनच सुरू होतो.

आपल्या मनात जंतूची जी प्रतिमा आहे ती एकट्या, तरंगणाऱ्या, क्षुद्र जीवाची. शाळेत तीच शिकविली जाते आणि प्रयोगशाळेतही शतकभर जंतू तसेच वाढविले गेले. प्रत्यक्षात बहुतेक जंतू एकटे राहातच नाहीत. गावाकडच्या हौदाच्या आतल्या अंगाला हात लावला म्हणजे जो बुळबुळीत थर लागतो, ती त्यांची वस्ती होय. दातांवरचे किटण हीही तशीच वस्ती. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. मराठीत जैवपटल म्हणता येईल, पण नुसते 'वस्ती' म्हटले तरी अर्थ पोचतो. एखाद्या पृष्ठभागावर काही जंतू चिकटतात, आपल्याभोवती साखरेसारख्या व प्रथिनांच्या द्रव्यांचा चिकट लगदा पाझरतात, त्यात पाण्याच्या वाटा ठेवतात आणि त्या लगद्याच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या नांदतात.

ही गोष्ट प्रथम ज्याच्या नजरेस पडली तो हॉलंडमधील एक कापडव्यापारी होता. लेव्हेनहुकने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच दातांवरचे किटण भिंगाखाली पाहिले आणि त्यातले वळवळणारे जीव पाहून तो थक्क झाला. व्हिनेगरने ते मरतात हेही त्याने पाहिले. मात्र दातांवर असताना व्हिनेगरची चूळ भरली तर वरवरचे तेवढे मरतात, आतले जिवंत राहतात, हेही त्याने नोंदविले. भाच्याच्या मांडीतील सारे रहस्य या निरीक्षणात आहे. मात्र वैद्यकाने ते गांभीर्याने घ्यावयास तीनशे वर्षे लावली.

१९७८ साली बिल कॉस्टर्टन या कॅनडातील शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह जंतू पृष्ठभागाला कसे चिकटतात याविषयी एक लेख लिहिला आणि १९८२ मध्ये त्याच्या गटाने हृदयाला ठोके देणाऱ्या पेसमेकरच्या तारेचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण प्रसिद्ध केले. रुग्णास प्रतिजैविके देऊनही जंतुसंसर्ग परत परत उलटत होता. तार बाहेर काढून पाहिली तेव्हा तिच्यावर स्टॅफिलोकॉकस जंतूंची दाट वस्ती आढळली. रक्तात उतरलेले जंतू औषधाने मरत होते. तारेवरची वस्ती मात्र जशीच्या तशी राहात होती आणि पुन्हा पुन्हा नवे जंतू रक्तात सोडीत होती.

औषध वस्तीला का भेदत नाही? लगद्याची भिंत हे एक कारण, पण ते एकमेव नव्हे. वस्तीच्या तळाशी अन्न व प्राणवायू कमी, त्यामुळे तेथील जंतू जवळजवळ वाढतच नाहीत. आणि आपली बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जंतूवरच आघात करतात. शिवाय प्रत्येक समूहात काही जंतू असे असतात की ते औषध संपेपर्यंत निद्रिस्त राहतात. १९४४ साली, पेनिसिलिनचा डंका वाजत असतानाच, डब्लिनच्या जोसेफ बिगरने हे ओळखले होते. हे जंतू औषधाला प्रतिरोधक झालेले नसतात हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांना वस्तीतून काढून परीक्षानळीत वाढविले तर त्याच औषधाने ते मरतात. म्हणून अहवालात 'हे औषध लागू' असे लिहून येते आणि रुग्णास ते लागू पडत नाही. रुग्ण म्हणतो डॉक्टर चुकले, डॉक्टर म्हणतात रुग्णाने गोळ्या नीट घेतल्या नाहीत. वस्तीतील जंतूस मारावयास मोकळ्या जंतूपेक्षा दहापट ते हजारपट औषध लागू शकते. तेवढे देऊ गेल्यास जंतूआधी रुग्णाची मूत्रपिंडे जातील.

मग शरीरात रॉड, प्लेट, गुडघ्याची वाटी किंवा खुब्याचा गोळा बसला की हे अधिक का घडते? लंडनमधील एलेक व कोनेन यांनी १९५७ मध्ये स्वयंसेवकांच्या कातडीवर एक प्रयोग केला. नुसत्या कातडीत पू निर्माण व्हावयास काही दशलक्ष स्टॅफिलोकॉकस टोचावे लागतात. पण तेथे रेशमाचा एक टाका असेल तर काही शेकडे पुरतात. केवळ एका टाक्याने जंतूंचे काम सुमारे दहा हजारपट सोपे होते. रॉडला रक्तवाहिनी नसते, पांढऱ्या पेशी त्याच्यावर नीट काम करू शकत नाहीत. अमेरिकन अस्थिशल्यविशारद ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याचे वर्णन शर्यत असे केले: धातूच्या पृष्ठभागावर आधी कोण पोचते, शरीराच्या पेशी की जंतू? पेशी आधी पोचल्या तर रोपण शरीराचे होते, जंतू आधी पोचले तर जंतूंचे. आणि उघड्या अस्थिभंगात, ज्यात रस्त्यावरची माती हाडाला लागलेली असते, त्यात जंतू शस्त्रक्रियेपूर्वीच शर्यतीत उतरलेले असतात. चांगल्या केंद्रात गुडघा किंवा खुबा बदलताना शंभरांत एखाद-दोघांना संसर्ग होतो. अतिगंभीर उघड्या अस्थिभंगात हे प्रमाण शेकडा तीसपर्यंत जाऊ शकते. आमच्या जिल्ह्यात गुडघे बदलणारे थोडे आणि रस्त्यावर हाडे मोडून घेणारे पुष्कळ. अकोला-हिंगोली-नांदेड हा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला तशी वाहनांची गती वाढली. ट्रॉलीला मागचे दिवे मात्र अजून लागावयाचे आहेत.

हा थर नुसता साचत नाही, तो विचारविनिमयाने उभा राहतो, ही या विषयातील सर्वांत मनोवेधक गोष्ट होय. काही समुद्री जंतू प्रकाश देतात. हवाई बेटांजवळच्या एका लहान माकुळीच्या पोटातील अवयवात ते राहतात आणि रात्री चमकतात. समुद्राच्या पाण्यात विरळ असताना मात्र ते अंधारातच असतात. १९७० मध्ये हार्वर्डचे वुडलंड हेस्टिंग्ज व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की प्रत्येक जंतू एक रसायन पाण्यात सोडीत असतो. जंतू दाट झाले की ते रसायन दाट होते, एक ठरावीक पातळी ओलांडते, आणि मग सारे एकदम प्रकाशू लागतात. १९९४ मध्ये या वर्तनाला जे इंग्रजी नाव मिळाले त्यात सभाशास्त्रातील 'कोरम' हा शब्द आहे. आपण त्याला गणपूर्ती म्हणतो. ज्याने ग्रामसभेत गणपूर्तीअभावी तहकुबीचे ठराव ऐकले आहेत त्याला हे समजावयास वेळ लागू नये. जंतूंची सभा मात्र अर्ध्या तासाने त्याच जागी गणपूर्तीविना भरत नाही. संख्या पुरी होईपर्यंत ते थांबतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात आणखी एक गोष्ट दिसेल. जंतू जी पाचक द्रव्ये बाहेर सोडतो ती सोडल्यानंतर त्याची एकट्याची राहात नाहीत, ती सार्वजनिक वस्तू होतात. एकट्याने खर्च करणे म्हणजे तोटा. पुरेसे शेजारी असतील तरच खर्च परवडतो. म्हणून आधी मोजणी, मग खर्च. आणि जेथे सार्वजनिक वस्तू आहे तेथे फुकट्या आलाच. स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा फुप्फुसातील दीर्घ संसर्ग तपासला असता संदेशाला बहिरे झालेले वंश वारंवार सापडतात; ते स्वतः काही सोडीत नाहीत, शेजाऱ्याच्या खर्चावर जगतात. आम्ही जे सहकारी संस्थांच्या अभ्यासात पाने भरभरून लिहीत होतो ते येथे एका थेंबात चालू असते. अर्थात जंतूंवरून मानवी समाजाचे नियम काढण्याचा मोह टाळला पाहिजे. तो खेळ पूर्वी काहींनी केला आहे आणि त्याचे परिणाम आपण पाहिले आहेत.

संदेश रोखले तर वस्ती होणार नाही, ही कल्पना यातून स्वाभाविकपणे सुचली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एक तांबडे शेवाळ आपल्या अंगावर जंतूंची वस्ती होऊ देत नाही; ते जंतूंच्या संदेशासारखीच फसवी रसायने सोडते हे १९९६ च्या सुमारास आढळले. पण ती रसायने माणसाला देण्याजोगी नाहीत. दुसरी अडचण अधिक खोल आहे. हाडातील रोपणांना सर्वाधिक छळणारा जो स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्याच्या बाबतीत गणपूर्तीचा संदेश मिळाला की तो वस्ती मोडून बाहेर पडतो, विष सोडतो. म्हणजे त्याचे बोलणे बंद केले तर तो निवांतपणे वस्तीतच राहण्याची शक्यता असते. एका जंतूचे औषध दुसऱ्यास उपकारक ठरावे असा हा मामला आहे. 'जंतूंची भाषा समजली, आता संसर्ग संपला' अशा मथळ्यांनी वाचकाने हुरळून जाऊ नये.

येथे हळदीचा विषय निघणे अपरिहार्य आहे, विशेषतः आमच्या जिल्ह्यात. भाच्याच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा 'जखमेत हळद भरा' असे सांगून जाई. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान मलाही आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले होते, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा लढा उचितच होता. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील थाळीत काही जंतूंच्या संदेशव्यवहारात अडथळा आणते, हेही खरे. पण पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, आणि रॉडवरची वस्ती हळदीने हटते असे रुग्णांवरील चाचणीने सिद्ध झालेले नाही. जखमेच्या तोंडाशी भरलेली पूड तीन बोटे आत असलेल्या धातूपर्यंत पोचणार कशी? पेटंटची लढाई आपण जिंकलो, ही लढाई त्याने जिंकली जात नाही.

मग काय आहे हाती? संसर्ग लौकर, म्हणजे तीन-चार आठवड्यांच्या आत, ओळखला तर जखम उघडून नीट साफ करून रोपण वाचविता येते. त्यासोबत रिफॅम्पिसिन फार उपयोगी पडते असे स्वित्झर्लंडमधील झिमर्ली यांच्या १९९८ च्या चाचणीत दिसले: उपचार पुरे केलेल्यांपैकी ते घेणारे बाराच्या बारा बरे झाले, न घेणाऱ्या बारांपैकी सात. चाचणी लहान होती, पण तिने दिशा दाखविली. हे तेच क्षयरोगाचे औषध, ज्याने लघवी तांबडी होते आणि जे खेड्यापाड्यांत सर्वांना माहीत आहे. ते एकट्याने दिले तर जंतू चटकन निर्ढावतात, आणि क्षयग्रस्त देशात ते कोणीही कसेही वापरणे धोक्याचे. वेळ टळून गेली की मात्र रोपण काढणे, हाड खरवडणे, औषध मिसळलेले सिमेंट भरणे आणि काही महिन्यांनी पुन्हा बांधणी करणे, एवढाच मार्ग उरतो. म्हणजे पहिल्या महिन्यात जी शंका यावयास हवी ती आठव्या महिन्यात आली तर खर्च किती पटींनी वाढतो हे सांगावयास अर्थतज्ज्ञ लागत नाही.

भाच्याची जखम दीड वर्ष गोळ्यांवर काढली गेली. मध्यंतरी पुवाची तपासणी झाली, अहवाल आला 'जंतूंची वाढ नाही'. सर्वांना हायसे वाटले. वस्तुतः प्रतिजैविके चालू असताना जखमेच्या तोंडावरून बोळा फिरवून केलेल्या तपासणीला फारसा अर्थ नसतो. औषधे काही दिवस थांबवून, हाडाजवळचे अनेक नमुने घेऊन ते पुरेसे दिवस वाढवून पाहावे लागतात. त्यासाठी यंत्रापेक्षा माणूस हवा: प्रशिक्षित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आणि त्याच्याशी फोनवर तरी बोलणारा शल्यविशारद. जिल्ह्याच्या ठिकाणी आपण सी. टी. स्कॅन आणतो, त्याचे उद्‌घाटन होते, फीत कापली जाते. जंतुतपासणीच्या प्रयोगशाळेचे उद्‌घाटन करावयास मंत्री आल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आपल्या प्रांतात हे ज्ञान नाही असेही नाही. पुणे विद्यापीठ व आघारकर संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांनी २०११ मध्येच मूत्रसंसर्गाच्या रुग्णांतून व मूत्रनळ्यांवरून मिळालेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंच्या वस्त्यांवर संशोधन प्रसिद्ध केले. त्या गटातील डॉ. बाळू चोपडे २०१४ मध्ये आमच्या मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. ज्ञान पुण्याहून औरंगाबादेस आले. तेथून हिंगोलीच्या ड्रेसिंगच्या खोलीत ते पोचविण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

संसर्ग टाळण्याचे सर्वांत मोठे यश कोणत्याही नव्या औषधाने मिळविलेले नाही. खुब्याचा आधुनिक सांधा घडविणारे इंग्लंडचे जॉन चार्न्ली यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत शेकडा सातांच्या आसपास संसर्ग होई. त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागेवर गाळलेल्या हवेचा झोत सोडला, शल्यविशारदांचे पोशाख बदलले, आणि दशकभरात प्रमाण शेकडा एकाच्या आत आणले. १९८२ मध्ये आठ हजारांवर शस्त्रक्रियांच्या ब्रिटिश चाचणीने शुद्ध हवेने संसर्ग निम्म्याने घटतो यास पुष्टी दिली. स्वच्छ हवा, उकळलेली हत्यारे, धुतलेले हात, पुरेशा परिचारिका या गोष्टी विकता येत नाहीत, त्यांच्यावर पेटंट नाही, आणि म्हणून बाजारास त्यांच्यात रस नाही. सार्वजनिक खर्चाचे क्षेत्र म्हणतात ते हेच.

प्रतिजैविकांची कथाही याहून निराळी नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन स्वस्त झाले, आणि हॅमायसिनसारखे बुरशीनाशक तेथेच शोधले गेले. त्या कारखान्याची जमीन विकून देणी भागवावीत व पुढे कारखानाच विकावा असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये घेतला. खाजगी बाजार ही उणीव भरून काढील म्हणावे, तर अमेरिकेतील अकाओजेन कंपनीस २०१८ मध्ये नव्या प्रतिजैविकाची परवानगी मिळाली आणि २०१९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, कारण नवे प्रतिजैविक जपून वापरावयाचे असते आणि जपून वापरलेल्या मालावर नफा होत नाही. वोखार्टने औरंगाबादच्या संशोधन केंद्रातून लेवोनाडिफ्लोक्सॅसिन २०२० मध्ये बाजारात आणले हे स्तुत्य आहे. परंतु एखाददुसऱ्या कंपनीच्या चिकाटीवर देशाची व्यवस्था उभी राहात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सरासरी एक लाख अठ्ठावन्न हजारांवर असलेला कोबाल्ट-क्रोमचा सांधा करांखेरीज ५४,७२० रुपयांवर आला. त्या निर्णयाचे मी स्वागत केले होते, आजही करतो. पण रोपणाची खरी किंमत दुकानातील किंमत नव्हे. ती बिघडल्यास जो खर्च येतो तो धरून होणारी किंमत होय. हा दुसरा आकडा आपण मोजतच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयास मुख्यतः शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम मिळते. किती शस्त्रक्रिया झाल्या हे सरकारला रुपया-पैशापर्यंत ठाऊक असते. त्यांतील किती जखमा वर्षभरात वाहू लागल्या हे कोठे नोंदले जाते? पूर्वी रोपणाच्या शस्त्रक्रियेनंतर एक वर्षापर्यंतचा संसर्ग त्या शस्त्रक्रियेच्या खाती मांडण्याची पद्धत होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये ही मुदत ९० दिवसांवर आणली. त्या मोजपट्टीने माझा भाचा अमेरिकेतही यशस्वी शस्त्रक्रियांच्याच आकड्यात जमा झाला असता.

नोंद नसल्याने काय होते याचा धडा आपल्याला एकदा मिळालेला आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीचा खुब्याचा धातूचा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. तेथे दोष जंतूंचा नव्हता, धातूची झीज रक्तात उतरत होती. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि पुढे भरपाईची वेळ आली तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये व खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली. आपल्याकडे वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, पण त्यात कळविणारा कळवील तेव्हा नोंद होते, आणि वाहत्या जखमेला साधनाचा दुष्परिणाम समजून कळविणारा आमच्या भागात कोण आहे?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रोपणाच्या वेष्टनावर त्याच्या क्रमांकाची चिठ्ठी असते. ती रुग्णालयाच्या फायलीत चिकटते तशी एक रुग्णाच्या हातात दिली जावी. जिल्हा रुग्णालयाने या क्रमांकांची वही ठेवावी, आणि खाजगी रुग्णालयांवर त्यात नोंद करणे बंधनकारक असावे. योजनेच्या दरातच एक वर्षाच्या तपासण्या व संसर्ग झाल्यास दुसरी शस्त्रक्रिया अंतर्भूत असावी, म्हणजे हा खर्च आडत्याच्या वहीतून सरकारच्या वहीत येईल.

यावर एका शल्यविशारद मित्राने घेतलेला आक्षेप मला विचारार्ह वाटतो. तो म्हणाला, "सर, संसर्ग मोजू लागलात तर चिखलाने भरलेला पाय कोणी हातात घेणार नाही. मधुमेही म्हाताऱ्याला नांदेड दाखविले जाईल, नांदेड संभाजीनगर दाखवील." हे खरे आहे. केवळ शेकडेवारी लावून शिक्षा केली तर सर्वांत गरजू रुग्ण दारातून परत जाईल, आणि ज्याने धोका पत्करला तोच दोषी ठरेल. भाच्याच्या शल्यविशारदाने त्या रात्री तीन तास उभे राहून पाय वाचविला हे मी विसरू शकत नाही. परंतु यावर उपाय न मोजणे हा नव्हे. उघड्या अस्थिभंगांची गांभीर्यानुसार वर्गवारी गुस्तिलो व अँडरसन यांनी १९७६ मध्येच केलेली आहे आणि ती प्रत्येक अस्थिशल्यविशारदास पाठ असते. तिसऱ्या वर्गाच्या जखमेला अधिक दर द्या, तिच्या संसर्गाची तुलना तिसऱ्या वर्गाशीच करा, आणि सुरुवातीची काही वर्षे या वहीचा उपयोग शिक्षेसाठी न करता केवळ शिकण्यासाठी करा. मित्र पूर्णपणे पटला नाही. मीही त्याला पटविल्याचा दावा करीत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. तेथे सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असणारच. तो केवळ विद्यार्थ्यांच्या परीक्षेपुरता राहतो की जिल्ह्यातील वाहत्या जखमांचे नमुने तेथे येऊ लागतात, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. रॉड टाकलेल्यांची वही ठेवावयाची तर तीही तेथेच सुरू करणे सोपे, कारण नव्या संस्थेला अद्याप जुन्या सवयी लागलेल्या नाहीत.

भाच्याचा रॉड गेल्या वर्षी नांदेडला काढण्यात आला. हाड खरवडले, सिमेंट भरले, पायाबाहेरून कड्या बसविल्या. आता जखम कोरडी आहे. कायमची का, हे सांगता येत नाही. काढलेला रॉड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी त्याच्या हाती दिला. घरी आल्यावर त्याने तो उजेडात धरून मला दाखविला. "मामा, ह्याच्यावर तर काहीच दिसंना," तो म्हणाला. खरोखरच तो चांदीच्या कांडीसारखा स्वच्छ दिसत होता. तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा, हे पाहण्यासाठी मी पहिल्या शस्त्रक्रियेचे कार्ड मागवून घेतले. कार्डावर रोपणासाठी रकाना आहे. त्यात कोणीतरी फक्त 'रॉड' असे लिहिले आहे. क्रमांक मिळावा म्हणून त्या रुग्णालयास मी दोन पत्रे पाठविली. तिसरे या आठवड्यात टाकणार आहे.